दात माझे पुढे

तोंडात टाचण्या धरून टेलरबाई हिरॉईनच्या जॅकेटची कंबर आत घेत होती, आणि हिरॉईन आरशात बघून ओळी पाठ करत होती.

"केस माझे कुरळे, म्हणून तोंड मिटू का? तुला आवडत नाही म्हणून मी अंगण सोडू का?" ती थांबली. वय वर्षं सोळा, गोड पोर, सकाळीच मशीन लावून केस कुरळे करून घेतलेले. "काकू, केस कुरळे असले तर तोंड कशाला मिटायचं? मला काही कळतच नाहीये."

टेलरबाईला चांगलं कळत होतं, पण तोंडात टाचण्या होत्या. एका परीनं बरंच झालं म्हणायचं. कारण मूळ ओळीत केस नव्हतेच, दात होते. 'दात माझे पुढे, म्हणून तोंड मिटू का?' आणि ते दात टेलरबाईच्या लेकीचे होते. सिनेमा होता कौटुंबिक. शाळेतली पोरं, हिपहॉप, नाच-गाणी आणि हातात हात घेण्यापुरतं प्रेम. त्यात दातांवरून कोणी चिडवलं तर बघणाऱ्या लहान मुलांना वाईट वाटेल, म्हणून वरच्या मंडळींनी दात काढून केस घातले. बाकीची ओळ तशीच राहिली. अर्थाचं काय झालं ते बघायला कोणाला वेळ होता?

लेकीचा आवाज लहानपणापासून घोगरा, म्हणून पोरं तिला खडी म्हणायची. बंद पडलेल्या गाड्यांच्या शेडमागे तिची टोळी जमायची. गोल करून उभं राहायचं, एकानं तोंडानं ठेका धरायचा आणि ज्याची पाळी त्यानं मध्ये जाऊन रॅप करायचं. त्या गोलाचा कायदा एकच होता, दुसऱ्याची ओळ आपल्या तोंडात घ्यायची नाही. लांब्या नावाच्या पोरानं एकदा नकळत कोणाची तरी ओळ उचलली, तर त्याला गोलाबाहेर भिंतीला टेकवून बसवलं. बिचारा रोज येऊन मुकाट्यानं बसायचा. शेवटी खडीच म्हणाली, घ्या आता त्याला आत, फार बारीक तोंड करून बसतो. तेव्हापासून लांब्या तिच्या घरावरून जाताना उगाचच बुटाची नाडी बांधायला थांबायचा. टेलरबाईच्या नजरेतून ते सुटलेलं नव्हतं. पोरगा सरळ होता, म्हणून तिनं काणाडोळा केला होता.

आता या सिनेमात हिरो म्हणून लांब्यालाच घेतलं होतं. डायरेक्टरला खरी मुलं हवी होती, म्हणून अख्खा गोलच गर्दीत उभा होता. खडी तेवढी कुठंच नव्हती.

झालं होतं असं, की जॅकेटांना इस्त्री करताना टेलरबाईनं मोबाइलवर लेकीचं गाणं लावलं होतं. डायरेक्टर जाता जाता थबकला. कोणाचं आहे, म्हणाला. माझ्या लेकीचं, असं सांगताना टेलरबाईचा ऊर भरून आला. आम्हाला द्याल का, असं त्यानं विचारलं, आणि ही म्हणाली, "घ्या की. त्यात काय एवढं."

आता तिचं तरी काय चुकलं म्हणा. जन्मभर तिनं हेच केलं होतं. पोरींचे झगे, शाळेचे गणवेश, एका बड्या नटाचा चंदेरी कोट. त्या कोटात तो पडद्यावर हात हलवत आला, तेव्हा थेटरात सगळ्यात मागं बसून हिनं फक्त एवढंच पाहिलं, की काखेत चुणी पडत नाहीये ना. आपण शिवायचं, मिरवायचं घालणाऱ्यानं, हा तिचा साधा हिशेब. त्यात तिला कधी कमीपणा वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरनं नीट समजावलं. चेहरा आमच्या हिरॉईनचा, आवाज तुमच्या मुलीचा, आणि दातांच्या जागी केस. टेलरबाईनं मान हलवली. घरी येऊन लेकीला म्हणाली, "तुझं गाणं घेतलंय सिनेमात." लेकीनं तिला उचलून गरगर फिरवलं. पुढचं अर्धं वाक्य टेलरबाईच्या घशातच राहिलं.

आणि आज खडी आली होती. कॅनव्हासचे बूट घासूनपुसून पांढरेशुभ्र, केस उंच बांधलेले, आईनंच शिवलेला पिवळा शर्ट. आल्या आल्या तिनं विचारलं, "मी कुठं उभी राहू?"

असिस्टंटनं कोपऱ्यातल्या तंबूकडे बोट दाखवलं. "तिथं बसून आवाज द्यायचा. मग त्यावर मॅडम ओठ हलवतील."

खडीनं तंबूकडे पाहिलं, 'केस माझे कुरळे' घोकणाऱ्या हिरॉईनकडे पाहिलं, आणि मग आईकडे. टेलरबाईनं एक-एक करत टाचण्या तोंडातून काढल्या.

"आई, तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग घरी का नाही बोललीस?"

"तू इतकी खूश होतीस. माझ्या जिवावर आलं."

खडीचे डोळे भरले, ते तिनं पिवळ्या बाहीला पुसले. टेलरबाईला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

डायरेक्टर लगबगीनं आला. माणूस वाईट नव्हता, बोलायला तर अगदीच गोड. "अगं, आवाज तुझाच राहणार. घराघरात ऐकतील लोक."

"मग तोंड का नाही?"

"पडद्याची गोष्ट वेगळी असते."

"दात तर तुम्ही काढलेच," खडी म्हणाली. "आता माझं म्हणून त्यात राहिलं काय? मला नाही द्यायचं हे गाणं."

हिरॉईननं मान खाली घातली. "मला पण नाही म्हणायचंय हे," असं ती पुटपुटली, पण तिच्या आईनं तिकडून डोळे वटारले तशी गप्प बसली. गर्दीतून लांब्या पुढं आला. उंचीमुळं त्याला लपता येतच नसे.

"सर, हिलाच घ्या ना समोर. नाहीतर मी पण नाही करत."

"तू नसता शहाणपणा करू नकोस," त्याला उत्तर दिलं खडीनं. "तुझ्या ओळी तू लिहिल्यास, तूच म्हणणार आहेस. तुझं बरोबर चाललंय. तू कर."

"आणि तू?"

"मी आहे की. संध्याकाळी शेडकडे येशील ना?"

"येईन," लांब्या म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

आता डायरेक्टर टेलरबाईकडे वळला. आवाज अजून गोडच, पण त्यात थोडी धार आली होती. "ताई, तुम्ही शब्द दिला होता. तुम्ही सांगा तिला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. दिवे लागलेले, गर्दी खोळंबलेली. मोठ्या माणसांसमोर बोलायची सवयच नव्हती टेलरबाईला. आजवर ती त्यांच्याशी फक्त 'हात वर करा' आणि 'श्वास सोडा' एवढंच बोलत आली होती.

"दिला होता, साहेब," ती म्हणाली. "पण कापड माझं नव्हतं. दुसऱ्याच्या कापडाला मी परस्पर कात्री लावली. तो शब्द मी परत घेते."

ड्रेसदादानं मागून तिची बाही ओढली. कपड्यांचं सगळं खातं त्याच्या हाताखाली, टेलरबाईला कामाला लावलं होतं तेही त्यानंच. "टेलरबाई, डोकं ठिकाणावर आहे का? अजून अख्खा सिनेमा शिवायचाय. घरात दुसरं कोणी कमावतं आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग काय. लोक काय उद्यापासून कपडे घालायचे थांबणार आहेत?" तिनं बाही सोडवून घेतली. "शिवणकाम मिळेल मला. आणि नाही मिळालं तर बघू. पण माझी पोरगी तंबूत बसणार नाही."

खडीनं आईकडे पाहिलं. मघाचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण ती आईच्या जवळ येऊन उभी राहिली. मग गर्दीकडे वळून म्हणाली, "एकदा म्हणून जाते. दातांसकट."

कोणी कोणाला सांगितलं नाही. पोरं आपोआप सरकली आणि गोल झाला. कोणीतरी तोंडानं ठेका धरला. हिरॉईननंही जॅकेट काढून टेलरबाईच्या खांद्यावर टाकलं आणि आपल्या आईचा हात सोडवून ती गोलात जाऊन उभी राहिली. खडी मध्ये गेली.

डायरेक्टरनं मान न वळवता दोन बोटं हवेत गोल फिरवली. बाकी कोणाला ते कळलं नसतं. पण टेलरबाईचं आयुष्य शूटिंगच्या कोपऱ्यांत गेलं होतं. गुपचूप रेकॉर्डिंग चालू करा, असा त्याचा अर्थ. साउंडवाल्यानं लांब काठीच्या टोकाचा केसाळ माईक हळूच गोलावर सरकवायला घेतला.

टेलरबाई पळाली. या वयात, गुडघे दुखत असताना पळाली. माईकचं ते केसाळ डोकं तिनं दोन्ही हातांनी पकडून खाली ओढलं, हिरॉईनच्या जॅकेटात गच्च गुंडाळलं आणि काखेत मारलं. जॅकेटाला टाचण्या तशाच होत्या. त्या कुशीत टोचल्या.

"दात माझे पुढे, म्हणून तोंड मिटू का?
तुला आवडत नाही म्हणून मी अंगण सोडू का?"

घोगरा आवाज वर चढला. लेक अशी गोलात उभी राहिलेली टेलरबाईनं कधी पाहिलीच नव्हती. मोबाइलमधून ऐकायची, तीही इस्त्री करता करता. पोरगी हात झटकत होती, मान उडवत होती, आणि दात लपवायला तोंडावर जाणारा तिचा हात आज एकदाही तिकडं गेला नाही.

"हसायचं तर हस, मोजून घे दात,
माझ्या तोंडची गोष्ट माझ्याच तोंडात."

"बाई, सोडा," काठीचं दुसरं टोक धरून साउंडवाला काकुळतीला आला. "महागाचा आहे तो."

"सोडते," टेलरबाई म्हणाली आणि काख आणखी घट्ट आवळली. "तिचं संपू दे."