पासष्टच्या पुढे नाही

नियम मीच लिहिला होता, त्यामुळे चिडायला दुसरं कुणी उरलंच नाही. स्वयंसेवेला उत्तेजन देण्याचं धोरण मंजूर झालं आणि त्याची नियमावली तयार करायचं काम आमच्या कक्षाकडे आलं. कक्ष म्हणजे मी, साहेब आणि मनात आलं तर चालणारा एक प्रिंटर. धोरण चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. स्वयंसेवकाला विमा, बसचा पास, ओळखपत्र. आणि नोकरदारांना महिन्यातून दोन दिवस भरपगारी सेवा-रजा. घाईत मी अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांची जुनी नियमावली उघडली आणि तिच्यातली कलमं उचलली. शिड्या, दोरखंड, धूर सगळं काढून टाकलं. कलम अकरा मात्र नजरेतून सुटलं: वय पासष्टच्या पुढे नसावं.

माझे बाबा बहात्तर वर्षांचे आहेत.

ते दर गुरुवारी इस्पितळातल्या डोळ्यांच्या वॉर्डात पेपर वाचून दाखवायचे. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेल्यांना तिथे आठ-आठ दिवस पालथं पडून राहावं लागतं. टीव्ही नाही, फोन नाही, समोर नुसती उशी. हे वाचन आईने सुरू केलं होतं. एकोणीस वर्षं ती खिडकीजवळच्या लोखंडी खुर्चीत बसून वाचत आली. ती गेली, त्याच्या पुढच्याच गुरुवारी बाबा त्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यात बोलायचं काम फारसं पडलं नाही. सुरुवातीला प्रत्येक बातमीत चारदा अडखळायचे. पण चार वर्षांत एक गुरुवार चुकवला नाही.

"एवढा त्रास कशाला घेता?" मी एकदा विचारलं होतं.

"तिथे ती भेटते," ते म्हणाले, आणि भिंग डोळ्याला लावून पुन्हा घड्याळात शिरले.

घरात ती त्यांना भेटत नसावी. त्याला कारण मीच. माझा आवाज हुबेहूब आईचा आहे, पण बोलणारी ती नसते. ती असताना फोनवर सगळे फसायचे आणि आम्ही मायलेकी पोट धरून हसायचो. ती गेल्यावर मावशीचा फोन आला, मी नुसतं "बोल" म्हटलं, आणि पलीकडे हुंदका फुटला. त्यानंतर बाबांनीही मला कधी फोन केला नाही. काही हवं असलं की दाराजवळच्या फळीवर चिठ्ठी ठेवायचे. मीही घरात जपून बोलू लागले, जेवढ्यास तेवढं. आईबद्दल त्यांच्याशी पोटभर बोलावं असं मला रोज वाटायचं आणि तेवढंच मला जमत नव्हतं.

त्या गुरुवारी घरी आले तर फळीवर चिठ्ठी होती. 'वॉर्डात नवीन नियम आलाय. पासष्टच्या पुढे नाही. सिस्टर बिचारी ओशाळली. खाली सही तुझी आहे.'

"बाबा, मी बदलून घेते," मी म्हटलं.

"घे की. सरकारी काम, सहा महिने थांब." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझा दुरुस्तीचा प्रस्ताव दोन बोटांत धरून वाचला. "समिती तीन महिन्यांनी बसते. शिवाय विमा कंपनीचं म्हणणं मागवावं लागेल. आणि तुमच्या वडिलांसाठी कलम बदललं असं दिसायला नको."

"माझे वडील होते म्हणून निदान चूक दिसली, साहेब."

"ते खरं आहे. पण तसं लिहिता येत नाही."

पुढच्या गुरुवारी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पेपरची घडी घातली आणि दाराशी स्टुलावर बसून राहिले. जायचं कुठेच नव्हतं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. तेव्हा मला राहवलं नाही. मी सेवा-रजेचा अर्ज भरला. आमच्या कचेरीतला तो पहिलाच अर्ज होता, आणि तो मंजूर करायचा कसा हे नियम लिहिणारीलाही ठाऊक नव्हतं.

रजा मिळाली त्या गुरुवारी सकाळी मी म्हटलं, "चला बाबा. वाचायला नाही, भेटायला. भेटीला येणाऱ्यांना वयाची अट नाही."

"कुणाला भेटायला?"

मी पेपर उचलून पिशवीत ठेवला. त्यांनी चपला घातल्या.

वॉर्डात सिस्टरने त्यांना भिंतीकडचं स्टूल दिलं. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. जवळच्या खाटेवर पालथा पडलेला ड्रायव्हर उशीत तोंड ठेवूनच म्हणाला, "महिना होत आला मला, दोनदा ऑपरेशन झालं. काका येईनासे झाले. आज कोण?"

"त्यांची मुलगी."

"मग वाचा ताई. आवाज मोठा ठेवा."

चार वर्षं दाबलेला आवाज मोठा करायचा म्हणजे काय, हे त्याला कुठून कळणार? मी वाचू लागले. पाणीकपात, पुलाचं रखडलेलं काम, हवामान. पहिलं पान संपताना मागे पाहिलं, तर बाबांनी डोळे मिटून घेतले होते आणि दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरली होती. मी थांबले. आपण पुन्हा घोळ घातला, असं वाटलं.

"थांबलीस का?" बाबा डोळे न उघडता म्हणाले. "पान उलट."

मी पेपर संपवला, अगदी हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीपर्यंत. परतताना बसमध्ये पेपरची घडी त्यांनी मांडीवर धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे बाबा होते. मी घाबरून उभीच राहिले. "काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"काही नाही झालेलं. काम काही नाही." मागे घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती. "तू बोल. काहीही बोल."

समोर कलम अकराच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पडला होता. मी खाली बसले आणि तोच पहिल्या ओळीपासून त्यांना वाचून दाखवू लागले.