हेल्मेटच्या जाळीमागे

चिमणी आता चेंडूला घाबरत नाही, असं सगळे म्हणायला लागले, तशी मी तिच्याकडे जास्तच निरखून बघायला लागले.

चिमणी माझी धाकटी बहीण. मी शाळा सोडल्यापासून तिला सॉफ्टबॉलला आणणं-नेणं माझ्याच गळ्यात. आधी बाई शिकवायच्या. मोज्यांचे गोळे करून त्यांवर वेगवेगळ्या रंगांच्या टिकल्या चिकटवायच्या, हळूच टाकायच्या आणि ओरडायच्या, "रंग कोणता?" रंग सांगायचा, मगच बॅट फिरवायची. पालक वैतागले, "ही काय बालवाडी आहे?" बाई गेल्या, सर आले.

सर पोरांना भिंतीला टेकवून उभं करायचे, हात मागे, आणि अंगावर चेंडू मारायचे. हलला तो परत उभा. चिमणी आधी रडायची. दंड काळेनिळे. मग एकदम हलायचीच थांबली.

"बघा, दगड झाली पोरगी!" सर खूश.

आज ती सरावाच्या जाळीच्या पिंजऱ्यात बॅट घेऊन उभी होती. मी बाजूने जाळीला नाक लावलं होतं, म्हणून दिसलं. चेंडू सुटला की ती हेल्मेटमागे डोळे गच्च मिटत होती.

"हेल्मेट काढ," सर म्हणाले. "तोंडाजवळून टाकतो. हलायचं नाही."

चिमणीने हेल्मेट काढून खाली ठेवलं. मी म्हणाले, "सर, ती डोळे मिटते!"

"शाळा सोडलेल्या शहाण्यांनी गप्प बसायचं."

माझं डोकंच फिरलं. पण ओरडले असते तर चिमणीने मान वळवली असती, आणि चेंडू थेट कानशिलात. तोंडात आलेली शिवी गिळली. तेवढ्यात सरांचा हात फिरला. चेंडू सरळ तिच्या तोंडावर येत होता. डोळे मिटलेले.

"रंग कोणता?" मी बाईंच्या सुरात किंचाळले.

डोळे टक्कन उघडले. "पिवळा!" म्हणत ती खाली बसली. चेंडू मागच्या जाळीवर आदळला, अख्खा पिंजरा थरथरला.

सरांचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग ओरडले, "पळपुटी! उभी राहा." दुसरा चेंडू उचलला.

आणि ती उभी राहिली की! डोळे आत्तापासूनच मिटलेले.

मी पिंजऱ्याचं दार लाथेने उघडलं आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "टाका ना आता."

सरांनी हात वर नेला. माझेच डोळे मिटले.

मागून चिमणीने माझा शर्ट मुठीत धरला. "ताई," ती पुटपुटली, "डोळे उघड. रंग बघ."

उघडले. हात अजून वरच होता. त्या पिवळ्या चेंडूवरून नजर न हलवता मी तिला पाठीने ढकलत, मागे मागे, दाराकडे सरकायला लागले.