खातेदाराचा फोटो

सिंदफणा नदीच्या पुराचं पाणी ओसरलं, पण शिरूर कासारजवळच्या जानकीबाईच्या कपाशीतला चिखल काही हटला नव्हता. सकाळपासून ती आणि तिची दहावीतली लेक राजनंदिनी काळी पडलेली बोंडं चाचपून बघत होत्या. एखादं तरी धड निघेल, ही आशा. आशा मेली चिवट असते.

तेवढ्यात पंचनाम्याला तलाठी आला. "शेत कुणाचं?"

"आमचंच हाय की," जानकीबाई म्हणाली.

"तसं नाही बाई, खातेदार कोण?"

खातेदार होते तिचे भाया, म्हणजे थोरले दीर, अजिनाथ. नवरा वारला तेव्हा त्याच्या वाट्याच्या रानाला तिचं नाव लागायला हवं होतं. पण सासू तुळजाबाईंनी डोळ्याला पदर लावला, "बाईचं नाव लागलं की घर फुटतं." जानकीबाईनं मान डोलावली. घर न फोडणारी सून म्हणून गावानं तिचं तोंडभर कौतुक केलं. कौतुकाला काय लागतं?

"त्यांना बोलवा मग. खातेदाराचा शेतात उभा फोटो लागतो."

राजनंदिनी पळत गेली. अजिनाथ आले ते इस्तरीच्या कपड्यांत. चिखल बघून ते बांधावरच अडले, तर जानकीबाईनंच कपाशीच्या पराट्या उपटून त्यांच्या पायांपुढे अंथरल्या. मग भायापुढे उभं कसं राहायचं, म्हणून पदर ओढून बाभळीआड झाली. फोटो निघाला. निंदणारी, फवारणारी, वेचणारी बाई त्यात कुठेच नव्हती. तिला त्याचं काही वाटलंही नाही, हे त्याहून वाईट. नुकसानीचं अनुदान आलं की रब्बीची ज्वारी पेरू, यंदा ऊसतोडीला जायचं टळेल, पोरीची दहावी होईल, एवढंच तिच्या मनात होतं.

अनुदान आलं. दिवाळीला अजिनाथांच्या दारात नवी मोटारसायकल उभी राहिली. जानकीबाईनं सासूकरवी बियाण्यापुरते पैसे मागितले; भायाशी तोंडावर बोलायची रीत नाही.

"आई, तिला सांग, अनुदान खातेदाराला असतंय," अजिनाथ आतल्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणाले. "उसाला जावं की तिनं. सारा गाव जातोय."

तुळजाबाई आत आल्या, पण सुनेकडे बघवेना. "म्या काय करू गं? माझं तरी कुठं नाव हाय?"

पडीक रानाकडे बघून पोट भरत नाही. जानकीबाई ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाकडे गेली.

"वैनी, एकट्या बाईचा कोयता होत न्हाई," उत्तरेश्वर मुकादम म्हणाला. "एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधायच्या. जोडी लागती."

राजनंदिनीच पुढं झाली. "मी येते की, आई. परीक्षेला येऊ माघारी."

कारखाना बंद होईपर्यंत कोणी माघारी येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

निघायच्या सकाळी मुकादम ट्रॅक्टरशेजारी एकेका जोडीचा मोबाइलवर फोटो काढत होता. राजनंदिनीनं बापाचा जुना शर्ट घातला होता. तिच्याकडे मोबाइल वळला, तशी जानकीबाई सवयीनं बाजूला सरकली.

"वैनी, बाजूला कावून जाता?" उत्तरेश्वर म्हणाला. "ह्यात तुमी लागता."

ती लेकीशेजारी येऊन उभी राहिली.

वाचकहो, आपल्या घरच्या सातबाऱ्यावर कोणाची नावं आहेत आणि बाभळीआड कोण उभं आहे, एवढं आज घरी विचारून बघा.