हात लावू नये

१९५५ साली मी गोंडपिपरीच्या शाळेत शास्त्र शिकवत होतो आणि घरी दुर्बीण बनवत होतो. पत्र्याच्या नळकांड्याच्या तळाशी मी स्वतः घासलेला आरसा, वरच्या टोकाला छोटा तिरपा आरसा आणि त्याच्यासमोर, बाजूला, डोळा लावायची पितळी नळी. नळीखाली माझ्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी: ‘हात लावू नये.’ घरात आम्ही दोघंच, तेव्हा ती चिठ्ठी कोणासाठी होती हे माझ्या बायकोला, वच्छलाला, कळत होतं.

दिवाळीपासून, चंद्र असेल तेव्हा, रोज दिवेलागणीला मी मोठ्या आरशाखालचे तीन स्क्रू फिरवून दोन्ही आरसे एका रेषेत आणायचो. मग खुशीत चित्र स्पष्ट करायला नळी मागेपुढे सरकवायचो आणि चंद्र पुन्हा पसरट पिठलं होऊन बसायचा. शिव्या आरशाला.

मार्गशीर्षातली एक संध्याकाळ. वच्छलाला आठवा महिना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाळंतपणासाठी राजुऱ्याला, माहेरी निघणार होती. तिची थोरली बहीण मैना अशीच माहेरी गेली होती आणि परत आली नव्हती.

“एक डाव मले चंद्र पाहू द्या,” ती म्हणाली. “मंग दिसते का नाई, कोनाले मालूम.”

मी घाईघाईने स्क्रू पिळले, आरसे जुळवले, नळी सरकवली. पिठलंच. मी हवेतल्या धुक्यावर व्याख्यान सुरू केलं. ते ऐकून न घेता तिने एका बोटाने नळी ढकलली. नळी पडायला आलेल्या दातासारखी हलली.

“आरशाले काऊन छळून राह्यले? हलते तर हे नळी.”

तिला हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मग बोलली का नाहीस, असं विचारण्याइतका मी मूर्ख होतो. तिने नुसतं चिठ्ठीकडे पाहिलं.

जात्याचा खुंटा ढिला झाला की चिंधी गुंडाळून ठोकतात, तसंच हे, म्हणाली. चिंधी सापडेना, तेव्हा तिने माझी चिठ्ठीच काढली आणि घडी करून नळीभोवतीच्या फटीत सारली. मी शेवटचं एकदा ते तीन स्क्रू फिरवले. नळी सरकली, पण डुलली नाही.

वच्छला कितीतरी वेळ बघत राहिली. चंद्रावर खड्डे आहेत, असं तिने मला, शास्त्राच्या मास्तराला, समजावून सांगितलं. मी माझी पाळी मागितली नाही. मला रडू येत होतं.

फाल्गुनात ती परतली. इवलीशी मुलगी माझ्या हातात देऊन आधी तिने नळी चाचपली.

“आता चांगला दिसते का चंद्र?”

मला खोटं बोलता आलं नाही. तीन महिन्यांत मी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. ती सुखरूप येईपर्यंत त्या नळीला हात लावायची माझी छातीच झाली नव्हती.