सायखेड्याला सोडलेले देव

आशाबाईंच्या पुण्यानुमोदनाला, त्या गेल्यानंतरच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, माणसं जमली आणि त्यांचे पती हिरामणराव यांनी नेहमीची गोष्ट काढली. नाशिकरोडच्या त्या वसाहतीत ती सगळ्यांना पाठ होती. बौद्ध धम्म घेतल्यावर त्यांच्या वडिलांनी सायखेड्याला घरातले देव पाटीत भरून गोदावरीत सोडले. देवी कोपेल, बायांच्या अंगात येईल, अशी गावाने भीती घातली. काही झालं नाही. त्या घराने पुन्हा ना नवस केला, ना देवऋषी पाहिला.

गोष्ट खरी होती, अभिमानाची होती. पण दर लग्नात, बारशात सांगताना तिला नवं शेपूट फुटत गेलं. ‘आमच्यात कुणाच्या अंगात येत नाही’ याचं ‘आमच्यात डोक्याचं काही नसतं’ कधी झालं, हे त्यांच्या मुलीला, योगिनीला, आता आठवतही नव्हतं.

जाण्याआधी काही महिने आशाबाई केस विंचरेनाशा झाल्या, नळ सोडून ओट्याशी नुसत्याच उभ्या राहू लागल्या. शेजारणीने देवऋषी सुचवला. हिरामणरावांनी तिला दारातूनच परत पाठवलं. योगिनीने मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तेव्हाही तेच. देवऋषी काय आणि तो डॉक्टर काय, दोघांकडे मन हरलेली माणसंच जातात, असं त्यांचं म्हणणं. योगिनी गप्प बसली. मग एका सकाळी आशाबाईंनी स्वतःचं आयुष्य संपवलं. लोकांना सांगितलं, हार्ट अटॅक.

“वाघीण होती माझी आशा,” हिरामणराव सांगत होते. “कधी डोळ्यांतून पाणी काढलं नाही.”

भिंतीशी बसलेल्या संजनाने, त्यांच्या नातीने, घाईघाईने डोळे पुसले, चोरी पकडली गेल्यासारखं. आजी गेल्यापासून ती कॉलेजला जात नव्हती, भरल्या ताटावरून उठत होती. योगिनीने ते पाहिलं. पुन्हा तेच होणार होतं!

ती उभी राहिली. “आई रडायची, बाबा. आवाज येऊ नये म्हणून नळ सोडायची. ती आजारी होती. तिला हार्ट अटॅक आला नव्हता.”

हिरामणरावांनी कसंबसं विचारलं, मग आपल्या वडिलांनी देव सोडले ते उगाच का?

उत्तर दिलं त्यांच्या थोरल्या बहिणीने, वत्सलाबाईंनी. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या त्या बाईंचा आवाज अजून खणखणीत होता.

“हिरामण, तू तेव्हा पाळण्यात होतास. तापात मी बडबडत होते आणि गाव म्हणत होतं, पोरीला देवीने धरलं. दादांनी देव नदीत सोडले आणि तसेच ओल्या पायांनी मला निफाडच्या दवाखान्यात नेलं. तू गोष्ट नदीपर्यंतच सांगतोस रे. ती पुढे दवाखान्यात जाते.”

हिरामणराव खाली बसले. जेवणं झाली, माणसं पांगली. मग ते उठून संजनाजवळ जमिनीवर बसले.

“झोप लागत नाही का, बाळा?”

तिने मान हलवली.

“उद्या जाऊ डॉक्टरांकडे. मी येतो बरोबर.” मग ते म्हणाले, “तुझ्या आजीला मी असं विचारलंच नाही.”

योगिनीने ओट्याकडे पाहिलं. हे वाक्य तिथे उभं राहून ऐकायला आता आई नव्हती.

आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी अभिमानाची गोष्ट असते. ती जरूर सांगावी. पण तिच्यात आजारी माणसालाही जागा आहे ना, हे पाहावं. अंधश्रद्धा सोडायला धैर्य लागतं. घरातलं कुणी ‘मला बरं वाटत नाही’ म्हणालं, तर ते ऐकून घ्यायलाही तेवढंच लागतं. आणि ते वेळेवर लागतं.