मेरेआनाचं रक्त

होआनी मेंढ्यांची लोकर कातरणारा आडदांड गडी, पण सुईचं नाव काढलं की त्याला घाम फुटायचा. न्यूझीलंडमधल्या काइकोहे गावच्या दवाखान्यात तपासणीसाठी रक्त द्यायला त्याची थोरली बहीण मेरेआना त्याला दंडाला धरूनच घेऊन आली. फुप्फुसात कर्करोग धरू लागला की रक्तातल्या पेशींची काही जनुकं जागी होतात, काही निजतात. त्या खुणा रोग दिसण्याआधीच सापडतात का, हे डॉक्टर पेनी तपासत होत्या. त्यासाठी होआनीसारखे सिगारेट ओढणारे हवे होते, तसेच त्यांच्या घरात धूर खाणारेही.

"ताई, उद्या देतो ना!"

"मेंढीसुद्धा एवढ्या लाथा झाडत नाही रे! थांब, आधी मीच देते." मेरेआनानं बाही वर केली.

महिन्याभरानं दोघांना बोलावणं आलं. होआनी मयताला निघाल्यासारखा धुतलेला सदरा घालून आला.

"होआनी, तुमचं ठीक दिसतंय," पेनी म्हणाल्या. मग त्या मेरेआनाकडे वळल्या. "तुमच्या खुणा बऱ्या नाहीत. ही तपासणी अजून नवी आहे, चुकूही शकते. स्कॅन करून घेऊ."

मेरेआनानं जन्मात सिगारेट ओठाला लावली नव्हती.

स्कॅनमध्ये वाटाण्याएवढा डाग दिसला. सुईनं तुकडा काढता येईना, अशा जागी. थांबून पुन्हा बघायचं, की कापून काढायचा? साधा व्रण निघाला तर छाती फुकट कापली जाणार होती.

परतताना गाडी होआनी चालवत होता.

"घरात धूर माझाच होता, ताई."

"रस्त्याकडे बघ."

"थांबू या का थोडं?"

"आईच्या खोकल्याला सर्दी म्हणत थांबलोच होतो की आपण. काढायला सांग त्यांना."

ऑपरेशनच्या दिवशी ऑकलंडच्या इस्पितळात सगळं गणगोत जमलं होतं. मावश्या हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत होत्या. होआनी त्यांच्यात बसेना. दारापाशी भिंतीला टेकून उभा होता. सर्जन बाहेर आले.

"कर्करोगच होता. पण कुठं पसरला नव्हता. सगळा निघाला."

होआनी तिथंच फरशीवर बसला आणि हमसून हमसून रडला.

मेरेआना शुद्धीवर आली ती कुरकुरतच. "कातरणाऱ्या टोळीचा स्वयंपाक कोण करतंय?"

"मीच. मटण करपलं."

"वाटलंच मला."

सिगारेट सोडायला होआनीला वर्ष लागलं. मधे दोनदा नेम मोडला. पण घरात त्यानं पुन्हा काडी पेटवली नाही. त्या हिवाळ्यात कातरणीच्या शेडची चढण चढताना मेरेआनाला दम लागायचा. तो मुद्दाम बुटाची नाडी बांधत रेंगाळायचा, आणि ती खेकसायची, "माझ्यासाठी थांबू नकोस, चल पुढे!"