दोन ब्रेकांची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पण एवढ्यावर थांबलात तर माझी ओळख अर्धीच होईल. मला ब्रेक दोन आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी मला विकत घेतले, मेकॅनिककडून तो दुसरा ब्रेक बसवून घेतला, आणि माझ्या वाटेला एक रिंगण आले. स्कूलचे फाटक, पाण्याची टाकी, चौक, मैदान आणि परत फाटक. मैदानात खांबांमधून वळणे घ्यायची, मागे यायचे, चढावर थांबून पुन्हा निघायचे. अंगात लांबच्या वाटा धावण्याचे बळ, आणि फिरणे मात्र एवढेच!

मुले येत. संगणकावर रस्त्याच्या चिन्हांची परीक्षा देऊन त्यांनी शिकाऊ परवाना मिळवलेला असे. त्या जोरावर ती छाती फुगवून बसत. पण क्लच सोडताच मी अशी उसळे, की छाती जागेवर येई. मास्तर हसत. “अरे, गाडी आहे ती, बेडूक नव्हे!” आठवडाभरात ते दुसऱ्या ब्रेकवरून पाय काढून घेत. “आता तू आणि ती. मी नुसता गप्पा मारायला बसलोय.” जाताना पालक माझ्या टपावर थाप मारत, “गुणाची आहे हो गाडी,” म्हणत. मला बरे वाटे.

मग मास्तरांची स्वतःची मुलगी शिकायला आली. घरीदारी सगळे तिला भिंगरी म्हणत. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला मदतनीस म्हणून घ्यायचे कबूल केले होते. दूरदूरच्या गोठ्यांवर औषधे पोचवायची. अट एकच, पक्का परवाना हवा. चिन्हांच्या परीक्षेत तिचे एकही उत्तर चुकले नव्हते. पण ती माझ्यात बसली, आणि मास्तरांचा पाय जो त्या ब्रेकवर गेला तो तिथेच खिळला.

चौक आला, ब्रेक. सायकलवाला दिसला, ब्रेक. समोर काहीच नाही, तरी ब्रेक.

“बाबा, मी दाबणारच होते.”

“दाबणार होतीस. दाबला नव्हतास.”

“दाबू तर द्या!”

मास्तर काचेबाहेर बघत. इतक्या वर्षांत थोडक्यात टळलेले सगळे अपघात त्यांच्या डोळ्यांपुढे नाचत असावेत. परक्या मुलांच्या वेळी ते मनाला आवरत. पोटच्या पोरीच्या वेळी आवरता येईना. मी तरी काय करणार? एक पाय मला पुढे ढकलायचा, दुसरा जागच्या जागी दाबून धरायचा. जळका वास सुटे. काचा बंद, आत बापलेक एकमेकांवर फुगून बसलेली. त्या दिवसांत माझ्या पत्र्याच्या आत तिघे कोंडलेले होते, आणि तिसरी मी होते.

पक्क्या परवान्याच्या परीक्षेला तिच्या शेजारी परीक्षक साहेब बसले. चौक आला. भिंगरीने वेग कमी केला नाही, ती वाट पाहत राहिली. चौकात गाडी आपोआप थांबते, एवढेच तिच्या पायाला ठाऊक होते. शेवटी साहेबांनी ब्रेक दाबला.

“मुली, गाडी कोण थांबवणार होतं?” त्यांनी विचारले. भिंगरीने आपल्याच पायाकडे पाहिले. ती नापास झाली.

घरी येताना ती रडली नाही. फाटकाशी मला उभी करून म्हणाली, “बाबा, माझा शिकाऊ परवाना संपत आलाय. डॉक्टरीणबाई तरी किती थांबतील? उद्यापासून शेजारी आत्या बसेल. तिच्याकडे पक्का परवाना आहे.”

“आणि मी?”

“मागे.”

मागच्या सीटपुढे ब्रेक नसतो, मित्रांनो.

आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आली, चपला काढल्या, पट्टा लावला आणि सीटवर चक्क मांडी घातली.

“आत्या, पाय खाली सोड की गं.”

“नको बाई. खाली सोडले की दाबावंसं वाटतं. तुझा बाप असाच बिघडला.”

टाकीजवळच्या उतारावर एका आवारातून सुतार उलट्या पावलांनी रस्त्यावर आला. खांद्यावर लांबलचक फळी. मागे मास्तरांचा पाय दाणकन आपटला. तिथे नुसता पत्रा होता. मी थांबले ती भिंगरीच्या पायाने. फळीचे टोक माझ्या नाकापासून वीतभर राहिले. सुताराला पत्ताही नव्हता. तो आपल्या नादात निघून गेला.

आत्याने डोळे मिटून घेतले होते. “लागलं का कोणाला?”

“नाही.”

“मग चल ना!”

मास्तरांनी आपटलेला पाय मागे ओढून घेतला. चौक आला तेव्हा हळूच म्हणाले, “मैदानाकडे वळू नकोस. सरळ घे.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा शहराबाहेरचा रस्ता पाहिला. तो संपतच नव्हता.

पुढच्या खेपेला भिंगरी पास झाली. दुसऱ्याच सोमवारी ती डॉक्टरीणबाईंच्या गाडीतून गेली. मास्तर फाटकात उभे राहून हात हलवत राहिले, गाडी दिसेनाशी झाली तरी.

माझे वय झाले. नवी गाडी आली आणि मला मागच्या आवारात, “तात्पुरती” म्हणून, लावून ठेवले. मुलांना चिन्हे शिकवायला मास्तरांनी तिथेच एक खोली बांधायला काढली. गवंडी रोज येत. एकेक वीट चढत गेली. खोली पुरी झाली तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले, की मला बाहेर काढायला वाटच उरलेली नाही.

“राहू दे आता,” मास्तर म्हणाले. रागाने नव्हे, त्यांनाही वाईट वाटले असावे.

बॅटरी केव्हाच उतरली. टायर बसून चपटे झाले. खोलीच्या खिडकीतून पोरांचा कालवा ऐकू येतो, एवढीच सोबत.

मित्रांनो, राबलेल्या वस्तूला अधूनमधून हलवत जा, तिच्यावरची धूळ पुसत जा. आणि कधी भिंत बांधायला घ्याल, तेव्हा पहिली वीट ठेवण्याआधी पलीकडे कोण उभे आहे, तेवढे बघून घ्या.